सामन्यानंतर लघवी का होत नाही?

प्रश्न साधा होता, आणि चारचौघांत विचारायला थोडा अवघडही. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे एक सहायक प्रशिक्षक ड्वेन डग्लस यांनी तो त्याच विद्यापीठातले मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे ठेवला. आमची मुलं सामना संपल्यावर लघवीला जात नाहीत, असं का? पुढच्याच वर्षी हा संघ अकरापैकी नऊ सामने जिंकला आणि या प्रश्नाच्या उत्तरातून जन्मलेलं गेटोरेड हे पेय अमेरिकाभर पोचलं. त्या हंगामाचं श्रेय पेयाला किती द्यायचं, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. पण आधी प्रश्नाचं उत्तर.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, आणि समोरच्यानं अंगावर येऊन आडवं पाडायचं. एका वेळी एका बाजूचे अकरा जण मैदानात असतात. डोक्यावर जाड शिरस्त्राण, खांद्यांवर आणि मांड्यांवर संरक्षक गाद्या. खेळ तासाभराचा, पण थांबत थांबत चालतो आणि संपायला तीनेक तास लागतात. फ्लोरिडा विद्यापीठ ज्या गेन्सव्हिल गावात आहे, तिथे हंगाम सुरू होतो तेव्हा, सप्टेंबरमध्ये, हवा तापलेली आणि दमट असते. अशा एका सामन्यात एखाद्या खेळाडूचं वजन अठरा पौंडांपर्यंत, म्हणजे आठ किलोंपर्यंत घटतं, असं केड यांना आढळलं. त्यातला ९० ते ९५ टक्के भाग निव्वळ पाण्याचा.

आठ किलो! घरात भरून ठेवलेली पाण्याची कळशी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी तीन तासांत कातडीतून बाहेर पडलं.

घाम हे शरीराचं थंड होण्याचं मुख्य साधन. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शून्य अंशावरचं जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी ही उष्णता. अट एकच, घाम वाळला पाहिजे. अंगावरून टपकून गेलेला घाम उष्णता नेत नाही, नुसतं पाणी नेतो. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: अंग निथळतं, पण गार वाटत नाही. फ्लोरिडातल्या त्या पोरांचं तेच होत होतं, वर गाद्यांचं चिलखत. शरीर मग आणखी घाम काढतं.

हे पाणी येतं कुठून? त्यातला काही भाग थेट रक्तातून. केड यांच्या मोजमापांत रक्तद्रवाचं प्रमाण सुमारे सात टक्के घटलेलं दिसलं. रक्त कमी झालं की हृदयाला एका ठोक्यात कमी रक्त ढकलता येतं, म्हणून ठोके वाढतात. आणि त्या कमी रक्तावर दोघांचा दावा असतो. स्नायूंना ते प्राणवायूसाठी हवं, त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी. दोघांची ओढाताण सुरू झाली की पाय जड होतात आणि अंग तापत जातं. इकडे मेंदूला रक्त दाट झाल्याची खबर लागते. तो एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना कळवतो की आता थेंबही सोडू नका. मूत्रपिंडं आज्ञा पाळतात. डग्लस यांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं: लघवीसाठी पाणी उरतच नव्हतं.

त्या काळी सरावात पाणी पिणं हा दुबळेपणा मानला जाई. पाणी न देता मुलं ‘तयार’ होतात, अशी कित्येक प्रशिक्षकांची श्रद्धा होती. या एका समजुतीपायी किती मुलांनी उन्हात हाल सोसले असतील, याचा विचार केला की मला आजही राग येतो.

मुख्य प्रशिक्षक रे ग्रेव्हज यांनी केड यांना प्रयोगाची परवानगी दिली, पण पहिल्या वर्षाच्या मुलांवर. त्या वेळच्या नियमानं पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मुख्य संघात खेळू शकत नसत. केड आणि त्यांचे सहकारी डॅना शायर्स, जेम्स फ्री आणि अलेहांद्रो दे केसादा यांनी या मुलांच्या घामाचे आणि रक्ताचे नमुने घेतले. क्षारांचा तोल गेलेला, रक्तातली साखर उतरलेली, रक्ताचं एकूण प्रमाण घटलेलं. तेव्हा जे गेलं ते परत द्यायचं ठरलं: पाणी, मीठ, साखर आणि थोडे इतर क्षार. पहिलं मिश्रण इतकं वाईट लागलं की केड यांना उलटी झाली. त्यांच्या पत्नी मेरी यांनी त्यात लिंबू पिळायला सुचवलं. मीठ, साखर, पाणी आणि लिंबू. मराठी वाचकाच्या तोंडावर नाव आलंच असेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी पहिल्या वर्षाची मुलं आणि विद्यापीठाचाच ब संघ यांच्यात सराव सामना झाला. मध्यंतराला ब संघ १३-० असा पुढे होता. पेय मुलांनी घेतलं होतं, ब संघानं नाही. केड सांगत की उत्तरार्धात मुलांनी ब संघाला मागे रेटायला सुरुवात केली आणि सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात गुणांची रास लावली. ग्रेव्हज यांनी दुसऱ्या दिवशीच्या ल्यूझियाना स्टेटविरुद्धच्या सामन्यासाठी ते पेय मागून घेतलं. भर उकाड्यातला तो सामना फ्लोरिडानं १४-७ असा जिंकला.

मग आला १९६६ चा हंगाम. संघाचं टोपणनाव गेटर्स, म्हणजे अमेरिकेतली मगर, आणि त्यावरूनच पेय गेटोरेड झालं. नॉर्थवेस्टर्नला ४३-७ असं हरवून सुरुवात झाली आणि पहिले सातही सामने जिंकले. त्यातला सातवा, २९ ऑक्टोबरचा ऑबर्नविरुद्धचा, डोळ्यांसमोर उभा करण्यासारखा आहे. २७-२७ अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं उरलेली, गोलपट्टी ४० यार्डांवर. एवढ्या लांबून लाथ मारायचं काम खरं तर दुसऱ्या खेळाडूचं. पण संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, स्टीव्ह स्परियर स्वतः पुढे झाला आणि त्यानं चेंडू दांड्यांमधून पार केला. ३०-२७. त्या वर्षीचा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन करंडक त्यालाच मिळाला. पुढच्या आठवड्यात जॉर्जियानं संघाला २७-१० असं आडवं केलं, मग मायामीनंही हरवलं. पण २ जानेवारी १९६७ ला ऑरेंज बोलच्या मानाच्या लढतीत फ्लोरिडानं जॉर्जिया टेकला २७-१२ असं नमवलं. लॅरी स्मिथ त्या दिवशी चेंडू घेऊन एका दमात ९४ यार्ड पळाला, शंभर यार्डांच्या मैदानाचं जवळजवळ एक टोक ते दुसरं. आमच्याकडे ते पेय नव्हतं, तोच फरक पडला, अशा अर्थाचं जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक बॉबी डॉड बोलले आणि ते वाक्य देशभर गाजलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. हंगाम पेयानं जिंकून दिला, असं म्हणायला पुरावा पुरत नाही. पेय न घेणारा दुसरा फ्लोरिडा संघ तुलनेला नव्हता. स्परियरसारखा खेळाडू रोज मिळत नाही. पराभवाच्या दोन्ही दिवशीही पेय होतंच, आणि जानेवारीतल्या त्या लढतीला सप्टेंबरचा उकाडा नव्हता. सिद्ध झालं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं: घामानं दोन टक्के वजन घटलं तरी उन्हात दमसास कमी होऊ लागतो, आणि ती तूट भरताना नुसतं पाणी पुरत नाही.

का पुरत नाही? उन्हातून आल्यावर गडद रंगाच्या शर्टाची पाठ पाहा. घाम वाळून पांढरी नागमोडी रेघ उमटलेली असते. ते मीठ. पाण्याबरोबर ते गेलं आणि आपण नुसतं पाणी प्यायलो, तर रक्त थोडं पातळ होतं, मेंदूला वाटतं तहान भागली, आणि मूत्रपिंडं पाणी सोडायला लागतात. तूट अर्धवट भरते.

साखरेचं काम आणखी सुंदर आहे. लहान आतड्याच्या अस्तरावर प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यांतलं एक दार सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आल्यावरच दोघांना आत घेतं. एकटं कुणी आलं तर थांबावं लागतं. हे दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० साली प्राग इथल्या परिषदेत मांडली.

तेच दार जुलाबातही उघडं असतं. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर टाकत असतं, तरी हे दार बहुतेक शाबूत राहतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं. नातेवाईक पिंपाच्या तोटीखाली पेला धरत आणि रुग्णाला पाजत. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आपण आज जिला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच.

पण खेळाडूंचं पेय म्हणजे जलसंजीवनी नव्हे, ही गोष्ट लहान मुलांच्या आईबापांनी पक्की लक्षात ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. खेळाडूंच्या पेयात साखर साधारण ६० ग्रॅम आणि सोडियम जलसंजीवनीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पळणाऱ्या स्नायूंना ती साखर हवी असते. जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्यात मात्र जास्तीची साखर उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं संघटनेचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरं छापायला मनाई केली. ते फार आधी व्हायला हवं होतं.

नंतर लंबक दुसऱ्या टोकालाही गेला. तहान नसताना पीत राहा, असा सल्ला मिळू लागला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. रक्तात सोडियम फार उतरलं की मेंदूला सूज येते. फुटबॉलच्या सरावानंतर अतिपाण्यानं शाळकरी मुलं दगावल्याचीही उदाहरणं आहेत.

म्हणून आज अनेक महाविद्यालयीन संघांत मुलं सरावाआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभी राहतात. जितकं वजन घटलं त्या हिशेबानं पेय दिलं जातं. आणि कपडे बदलायच्या खोलीत, मुतारीच्या बरोबर वर, डोळ्यांच्या उंचीवर एक रंगीत तक्ता चिकटवलेला असतो: फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत. खेळाडू खाली पाहतो, वर पाहतो आणि आपला रंग जुळवतो.