गवत कापायच्या यंत्राला घाई कुणी लावली?

बसून चालवायचा लॉनमोअर ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. सकाळी बागेत हळूहळू पळणारे आजोबा त्याला गाठू शकतात. हा वेग कंपनीने मुद्दाम बांधून दिलेला असतो, कारण त्याहून जोरात गेलं तर पातं नीट कापायच्या आत गाडी पुढे सरकते आणि मागे दाढी अर्धवट केल्यासारखं लॉन उरतं. तरीही गेली साठ वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये माणसं या यंत्राचं पातं काढून ठेवतात, पुल्या बदलतात, हेल्मेट चढवतात आणि त्यावर बसून शर्यती लावतात. हे खूळ आलं कुठून, हे समजायला आधी यंत्रच कुठून आलं ते पाहावं लागतं.

आपल्याकडे गवत कापायचं ते गुरांसाठी, आणि विळ्याने. कापून टाकून द्यायलाच गवत वाढवायचं, ही हौस इंग्लंडच्या जमीनदारांची. त्यांची लॉनंही आधी कोयत्यांनीच कापली जायची, पहाटे दव असताना, माणसांच्या रांगा लावून. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड या गावाच्या परिसरात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटायला तिथे फिरत्या पात्यांचा रूळ असलेलं यंत्र वापरत. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराच्या डोक्यात आलं, की कापडावरची लव काय आणि जमिनीवरचं गवत काय, काम एकच. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळालं. त्या पेटंटच्या कागदात त्याने एक गोष्ट आवर्जून लिहिली आहे: हे यंत्र स्वतः ढकलण्यात गावाकडच्या सद्गृहस्थांना करमणूक आणि व्यायाम दोन्ही मिळेल. म्हणजे या यंत्राशी मौजेचं नातं पहिल्या दिवसापासूनच लावलेलं होतं, फक्त वेगाचं नव्हतं.

मग यंत्रं मोठी झाली आणि माणसाच्या जागी तट्टू आलं. त्याच्या खुरांनी लॉनवर खड्डे पडू नयेत म्हणून त्याच्या पायात चामड्याचे बूट घालत. त्यानंतर वाफ आली. लँकेशरच्या लेलँड गावातल्या जेम्स सम्नरने १८९०च्या दशकात वाफेवर चालणारा लॉनमोअर काढला. तो फार काळ टिकला नाही, पण त्या धंद्यातून १८९६मध्ये एक कंपनी उभी राहिली आणि पुढे तिचंच नाव लेलँड मोटर्स झालं. तिनेच १९५०च्या दशकात मद्रासच्या अशोक मोटर्सशी हात मिळवला. आपल्या एसटीच्या कितीतरी गाड्या ज्या अशोक लेलँडच्या चासीवर धावल्या, तिचं कूळ खणत गेलं तर एका टोकाला गवत कापणारं यंत्र सापडतं. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पेट्रोलवरचं यंत्र इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १९०२मध्ये बाजारात आणलं. पण घरोघरी बसून चालवायचं यंत्र पोचलं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. शहराबाहेर नव्या वसाहती, प्रत्येक घराला पुढे-मागे लॉन, आणि ते वाढू दिलं तर शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरने १९६३मध्ये ‘११०’ हे मॉडेल. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांनी ट्रॅक्टरचंच पिल्लू काढलं म्हणा ना. स्टिअरिंग, क्लच, गिअर, सीट असं सगळं असलेली ही चारचाकी घराच्या शेडमध्ये उभी राहू लागली, आणि तिच्यासाठी ना लायसन्स लागायचं ना नंबरप्लेट. एवढं सगळं हाताशी असताना कुणी शर्यत लावली नसती तरच नवल.

इंडियाना राज्यात ट्वेल्व्ह माइल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे १९६३पासून ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लॉनमोअरची शर्यत होते. नाव ‘ट्वेल्व्ह माइल ५००’. त्याच राज्यातल्या ‘इंडियानापोलिस ५००’ या जगप्रसिद्ध मोटार शर्यतीची ही उघड टिंगल. पण ती गावजत्रा होती, तिची संघटना झाली नाही. ते काम केलं इंग्रजांनी, आणि अर्थातच दारूच्या गुत्त्यात बसून.

साल १९७३. वेस्ट ससेक्समधलं विसबरो ग्रीन हे गाव, तिथला ‘क्रिकेटर्स आर्म्स’ हा पब. जिम गॅव्हिन नावाचा रॅलींच्या दुनियेतला एक आयरिश गृहस्थ आणि त्याचे मित्र बसले होते. विषय एकच: मोटारस्पोर्ट हा पैसेवाल्यांचा खेळ होत चाललाय, आपल्यासारख्यांनी करायचं काय? समोर गावचं क्रिकेटचं मैदान आणि त्यावर गवत कापणारा माणूस. प्रत्येकाच्या शेडमध्ये हे यंत्र आहेच की, मग यावरच का नाही? पुढे गावातल्या एका शेतात शर्यत ठेवली तर ऐंशीच्या आसपास यंत्रं आली. त्यातून ब्रिटिश लॉनमोअर रेसिंग असोसिएशन जन्माला आली.

तिचे नियम वाचले की त्या टेबलावरची चर्चा कानावर आल्यासारखी वाटते. प्रायोजक नको. धंदा नको. रोख बक्षीस नको. जे काही उरेल ते धर्मादाय कामाला. आणि यंत्र असं हवं की जे मुळात घरचं लॉन कापायला बनवून बाजारात विकलेलं आहे. पातं मात्र काढायचं. इंजिनाला हात लावायचा नाही. या शेवटच्या नियमातच सगळी मेख आहे. इंजिन उघडायची मुभा दिली की ज्याच्या खिशात पैसा तो जिंकणार, आणि ज्या गोष्टीला कंटाळून इथे आलो तीच पुन्हा सुरू होणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मग वेग वाढवायचा तो गिअरिंगमधून, आणि तो झेपावा म्हणून स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सल मजबूत करायचे. जुन्या रुळाच्या यंत्रांचाही एक गट आहे. त्यात चालवणारा मागे ओढल्या जाणाऱ्या सीटवर बसलेला असतो.

या स्वस्तातल्या खेळाला नावंही मोठी मिळाली. १९६२च्या अपघातानंतर फॉर्म्युला वन सोडलेले स्टर्लिंग मॉस इथे येऊन ग्रांप्री जिंकून गेले, आणि रात्रभर चालणारी बारा तासांची शर्यतही. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत पाच वेळा जिंकलेल्या डेरेक बेलने ही बारा तासांची शर्यत दोनदा जिंकली, त्यातली एक मॉससोबत. नट ऑलिव्हर रीड तर स्वतःचा संघ घेऊन यायचा.

आता जरा यंत्राजवळ जाऊ, कारण हौशी माणूस शेडमध्ये नेमकं काय करतो ते बघितल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. इंजिनाचा शाफ्ट खाली जमिनीकडे तोंड करून असतो. त्यावरच्या एका पुलीवरून पट्टा मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सकडे जातो, दुसरीवरून पात्याकडे. पिठाच्या गिरणीत उभं राहून पट्टा पाहिलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. समजा इंजिनावर ३ इंची पुली आहे आणि गिअरबॉक्सवर ७ इंची. दोन्ही ५ इंची केल्या की इंजिनाचा एकही फेरा न वाढवता गाडी सव्वादोन पटीहून जोरात पळते, ताशी ९ची २१ होते. पट्टा आणि दोन पुल्या, एवढाच खर्च. गफलत होते ती इथेच. वेग २.३ पट झाला की थांबवायची ऊर्जा पाचपटीहून जास्त होते, आणि मूळचा ब्रेक असतो तो उतारावर यंत्र घरंगळू नये इतपतच. उंच सीट, आखूड चासी, अरुंद चाकं आणि पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका खिळीवर डुलणारा, म्हणजे वळणावर गाडी काय करणार ते सांगायला नको. म्हणून जाणकार वेगाच्या आधी ब्रेक बसवतात, चासी खाली आणतात आणि पुढचा अ‍ॅक्सल पक्का करतात.

दुसरा रस्ता गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे आवरून धरणाऱ्या यंत्रणेचा. इंजिनाच्या पोटात एका छोट्या गिअरवर दोन वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फाकतात, एका दांडीला रेटतात आणि कार्बोरेटरचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारी झडप, मिटवतात. समोरून एक नाजूक स्प्रिंग थ्रॉटल उघडा ठेवायला ओढत असते. या दोघांच्या रस्सीखेचीत इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास स्थिरावतं. हा आकडा असाच आलेला नाही. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या पुढे जाऊ नये असं अमेरिकेतलं सुरक्षा मानक सांगतं, आणि २० इंची पातं ३६०० फेऱ्यांनी फिरलं की टोक नेमकं त्याच्या जरा अलीकडे राहतं. हिशेब केला तर ताशी ३४५ किलोमीटर होतात. म्हणजे लॉनवर रेंगाळणाऱ्या त्या गाडीच्या पोटाखालचं पातं शर्यतीच्या मोटारीइतकं पळत असतं. शर्यतीत पातं काढायचा नियम सगळ्यात पहिला का, हे यावरून कळावं.

गव्हर्नर काढला की इंजिन सुटतं. पण फेरे दीडपट झाले की आतल्या भागांवरचा ताण सव्वादोन पट होतो. या स्वस्त इंजिनात पिस्टनला शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव, आणि तेल म्हणजे तळाशी गिअरवर फिरणारी वल्ही उडवतील तेवढंच. असा रॉड तुटला की ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्याहून वाईट म्हणजे ओतीव फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचं जड चाक, फुटणं, कारण ते चालवणाऱ्यापासून हातभर अंतरावरच फिरत असतं. म्हणून इंजिन खोलून पळवणारे लोक अखंड धातूतून कातलेला रॉड आणि फ्लायव्हील आधी घेतात. तिथे स्वस्ताई संपते. विसबरो ग्रीनच्या मंडळींनी ज्या दाराला कडी लावली होती, ते हेच.

अमेरिकेने ते दार उघडलं, आणि उघडलं तेही प्रायोजकाच्या हाताने. हिवाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेल्या यंत्राच्या टाकीतलं पेट्रोल नासू नये म्हणून त्यात घालायचं ‘स्टा-बिल’ नावाचं एक रसायन मिळतं. त्याच्या जाहिरातीच्या निमित्ताने १९९२मध्ये, एप्रिल फूलच्या मुहूर्तावर, युनायटेड स्टेट्स लॉनमोअर रेसिंग असोसिएशन जाहीर झाली. थट्टा म्हणून निघालेली गोष्ट अंगात भिनली. कंपनीतून आलेल्या यंत्रांपासून ते जवळजवळ नवीनच बांधलेल्या गाड्यांपर्यंत वेगवेगळे गट पडले, आणि वरच्या गटांत वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात गेला. चालवणाऱ्याला दोरीने इंजिनच्या स्विचला बांधलेलं असतं. माणूस सीटवरून फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. माझ्या मते या सगळ्या खेळातली सगळ्यात शहाणी वस्तू ती दोरीच.

याच अमेरिकेत १९९४मध्ये आयोवाच्या लॉरेन्स गावातले अ‍ॅल्विन स्ट्रेट नावाचे ७३ वर्षांचे म्हातारबाबा आजारी भावाला भेटायला जॉन डिअरच्या लॉनमोअरवर बसून विस्कॉन्सिनला गेले होते. नजर अधू, त्यामुळे मोटारीचं लायसन्स नाही. २४० मैल, ताशी पाच मैलांनी, सहा आठवडे. पुली बदलायचं त्यांच्या मनातही आलं नसावं.

शर्यतीनंतर विक्रमांची पाळी आली. मे २०१०मध्ये डॉन वेल्सने वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी १४१ किलोमीटर गाठले. हा माल्कम कॅम्बेलचा नातू, आणि आजोबांनी १९२४मध्ये याच वाळूवर मोटारीचा जागतिक विक्रम केला होता. नातवाचा विक्रम चार महिनेच टिकला. सप्टेंबरमध्ये बॉबी क्लीव्हलँडने यूटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर १५५ केले. मार्च २०१४मध्ये होंडाचा ‘मीन मोअर’ स्पेनमधल्या चाचणी ट्रॅकवर १८७.६ने गेला. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या एका चमूने व्ही-८ इंजिन घालून जवळपास २१५ गाठले. होंडाने २०१९मध्ये दुसरी गाडी काढली, तिने शून्यापासून ताशी शंभर मैलांचा वेग ६.२८५ सेकंदांत घेतला. शेडमधल्या गड्याचा आता इथे काही संबंध उरलेला नाही, हे या आकड्यांवरूनच दिसतं.

तरी गिनीजच्या नोंदीसाठी एक अट होती: गाडी लॉनमोअरसारखी दिसली पाहिजे आणि तिने गवत कापलं पाहिजे. २०१४च्या त्या गाडीत हजार सीसीचं मोटारसायकलचं इंजिन होतं, १०९ अश्वशक्तीचं, आणि स्टिअरिंगचा रॅक जुन्या मॉरिस मायनरचा. मूळ पात्याचा डेक काढावाच लागला होता, म्हणून खाली दोन इलेक्ट्रिक मोटारी बसवून त्यांवर तीन मिलिमीटरच्या पोलादी तारा फिरवल्या. त्यांनी गवत कापलं जायचं. मागची गवत गोळा करायची पिशवीही जागेवरच होती. फक्त तिच्यात पेट्रोलची टाकी आणि ऑइल कूलर ठेवलेला असल्यामुळे गवताला जागा नव्हती.