ब्लॅक फ्रायडे आणि गुलामांचा बाजार

'अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी गुलाम स्वस्तात विकले जात, म्हणून तो ब्लॅक फ्रायडे,' असा मजकूर नोव्हेंबर आला की फिरू लागतो. गुलामगिरी खरी, माणसांचे लिलावही खरे. त्यामुळे तो पटकन पटतो. पण सालं जुळत नाहीत.

गुलामगिरी तिथे १८६५ साली कायद्याने संपली. सवलतीतल्या खरेदीच्या या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' हे नाव मात्र रूढ झालं ते १९५०-६०च्या सुमारास, फिलाडेल्फियात. सणाच्या दुसऱ्या दिवशी शहरात लोटणारी गर्दी, तुंबलेले रस्ते, वाढलेली ड्युटी. वैतागलेल्या वाहतूक पोलिसांनी त्या शुक्रवारला काळं ठरवलं. दुकानदारांना ते इतकं खुपलं, की त्यांनी 'बिग फ्रायडे' रुजवून पाहिलं. रुजलं नाही. (तोट्याची लाल शाई जाऊन नफ्याची काळी येते, ही गोड व्युत्पत्ती १९८०च्या दशकात पसरली, तीही मागाहून चिकटवलेलीच.)

स्वतः पडताळायचं तर जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात एकोणिसाव्या शतकापुरता 'ब्लॅक फ्रायडे' शोधा. ठळकपणे सापडतो तो २४ सप्टेंबर १८६९चा शुक्रवार, सोन्याचा भाव कोसळला तो. त्याचा ना खरेदीशी संबंध, ना गुलामांशी.