जैवइंधनाच्या साठ्यासाठी अग्निशमन दाखला: पात्रता, कागदपत्रे आणि तापमानाची नोंदवही

काजूची टरफले, भाताचा तूस, लाकडाचा भुसा, नारळाची सोडणे किंवा त्यांपासून दाबून तयार केलेल्या ब्रिकेट्स (इंधनाच्या कांड्या) यांचा व्यापारी साठा गोव्यात करावयाचा असेल, तर अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाच्या ना हरकत दाखल्याची तयारी जागा ठरवतानाच सुरू करावी. अर्ज जागेचा मालक करू शकतो; भाडेकरूने नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाचे संमतिपत्र जोडावे. औद्योगिक वसाहतीतील भूखंडासाठी गोवा औद्योगिक विकास महामंडळाचे वाटपपत्र लागते, आणि जमीन कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या पारंपरिक संस्थेची) असेल तर तिच्याकडील करारपत्र.

कागदपत्रांत पहिला मान एक-चौदाच्या उताऱ्याचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्याचा. जमीन मुळात शेतीची असल्यास रूपांतराची सनद, नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना यांच्या प्रती ठेवाव्यात. बांधकामाच्या आराखड्यात ढिगांच्या जागा, दोन ढिगांमधील मोकळे अंतर, बंब आत येण्याचा रस्ता, पाण्याची टाकी व तिची क्षमता, आणि विजेच्या तारा कोठून जातात हे स्पष्ट दाखवावे. बहुतेक अर्ज याच आराखड्यापाशी अडतात, असा माझा समज आहे, कारण गोदामाची इमारत रेखाटलेली असते, पण आतला माल रेखाटलेला नसतो. ब्रिकेट तयार करण्याचाही उद्योग असेल तर गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची, जल अधिनियम 1974 व वायू अधिनियम 1981 यांखालील संमती वेगळी घ्यावी लागते. अग्निशमन दाखला तिची जागा घेत नाही.

या सगळ्यासोबत तापमान-निरीक्षणाची एक लेखी योजना आपण होऊन जोडावी, असा माझा आग्रह आहे. अशा साठ्याला आग लागायला ठिणगीच हवी असे नाही. ओलसर ढिगात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्या श्वसनाची उष्णता, भुसा स्वतःच उष्णतारोधक असल्यामुळे, आतच कोंडून राहते. साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक जीव मरतात, पण तोवर मालाचे रासायनिक ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी उष्णता सोडणारी क्रिया, सुरू झालेले असू शकते आणि पुढची तापवाढ जीवांवाचूनच चालते. गिरणीतून निघणाऱ्या उसाच्या चोथ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर छपरातून गळलेले पाणी कोरड्या मालालाही त्याच वाटेने नेते. कोरड्या ढिगावर ओला माल ओतणे तर सर्वांत वाईट, कारण ओल कोरड्या थरात शिरताना स्वतःच उष्णता सोडते. काजूच्या टरफलात तेल असते, त्यामुळे तिथे आग पकडली की ती लवकर आवरत नाही.

वरून हात लावून ‘गार आहे’ म्हणणारे गोदामवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. तापमान मोजायचे ते आतले. टोकाला संवेदक असलेली लांब पोलादी सळई ढिगात दीड-दोन मीटर खोल घालावी, ठरावीक जागांना खुणांचे क्रमांक द्यावेत आणि रोज एकाच वेळी त्याच ठिकाणी वाचन घ्यावे. उष्णता टिपणारा कॅमेरा पृष्ठभागच दाखवतो, म्हणून तो सळईला पर्याय नाही. नोंदवहीत तारीख, जागा, खोली, तापमान, मालाची आवक आणि मोजणाऱ्याची सही असावी. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सलग चढत जाणारी रेघ अधिक बोलते.

गवताच्या गंजींसाठी प्रचलित असलेले टप्पे येथेही मार्गदर्शक मानता येतात: पंचावन्न अंशांपासून लक्ष वाढवावे, पासष्टनंतर रोजची नोंद चुकवू नये, सत्तरला दर चार तासांनी मोजावे. ऐंशीच्या पुढे गेल्यास ढीग स्वतः उकरू नये. आत हवा शिरताच धुमसणारा भाग पेट घेतो. 101 क्रमांकावर कळवून दल येईपर्यंत माणसे दूर ठेवावीत. ढिगावर चढणे तर पूर्णपणे टाळावे, कारण आत जळून पोकळी झालेली असू शकते, आणि बंद गोदामात कार्बन मोनॉक्साइड साचलेला असू शकतो.

अर्ज संचालनालयाकडे द्यावा, लागू असलेले शुल्क भरून पावती जपावी. बांधकामापूर्वीची मंजुरी आणि बांधकामानंतर पाहणी करून मिळणारा अंतिम दाखला या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली हातात असली तरी माल भरण्याची घाई करू नये. पाहणीच्या दिवशी अग्निशामक उपकरणे भरलेली, वाटा मोकळ्या आणि मोजणीची सळई जागेवर हवी. दाखल्यावर छापलेली मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करताना नोंदवहीच्या मागील पावसाळ्याच्या पानांची प्रत सोबत जोडावी.