कुलूप शाबूत, गुपित बाहेर

व्हीपीएनमध्ये दोष सापडला असं ऐकलं की कुणीतरी एन्क्रिप्शन फोडलं, असंच आपण धरून चालतो. ऑगस्ट २०१८मध्ये अहमद नफीझ या सुरक्षा संशोधकाने ब्लॅक हॅट परिषदेत ओपनव्हीपीएनवरचा जो हल्ला मांडला, त्यात एन्क्रिप्शनच्या वाटेला कुणी गेलंच नव्हतं. हल्लेखोर फक्त पॅकेटांची, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची, लांबी मोजत होता. या हल्ल्याचं नाव व्होरॅकल.

ओपनव्हीपीएन हे २००१पासूनचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. तुमचा संगणक आणि व्हीपीएन सर्व्हर यांच्यात ते एक एन्क्रिप्टेड बोगदा उभा करतं. इंटरनेट संथ होतं त्या काळात त्यात आणखी एक सोय आली: डेटा पाठवण्याआधी तो दाबून लहान करायचा, म्हणजे कॉम्प्रेशन. एन्क्रिप्ट झालेला डेटा निव्वळ गोंधळासारखा दिसतो, त्यात दाबण्याजोगं काही उरत नाही. त्यामुळे क्रम ठरूनच गेला. आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन.

घोळ इथेच आहे. एन्क्रिप्शन मजकूर लपवतं, त्याची लांबी लपवत नाही. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. पण कॉम्प्रेशन मधे आलं की लांबी मजकुरावर अवलंबून राहायला लागते. एलझेडओसारख्या पद्धती मजकुरात पुन्हा आलेला तुकडा शोधतात आणि तो पुन्हा न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी आलंय तेच’ एवढी खूण ठेवतात. जितकी पुनरावृत्ती जास्त, तितकं पॅकेट आखूड.

आता हल्लेखोराच्या बाजूने बघा. तुम्ही व्हीपीएन लावून ब्राउझर उघडलाय आणि कुठल्याशा साध्या, एचटीटीपीएस (म्हणजे स्वतःचं एन्क्रिप्शन) नसलेल्या संकेतस्थळावर लॉगिन केलंय. लॉगिनची खूण म्हणून एक कुकी ब्राउझरकडे आहे; समजा ती ‘सेशन=७३९…’ अशी सुरू होते. दुसऱ्या टॅबमध्ये हल्लेखोराचं पान उघडं आहे. ते पान तुमच्या ब्राउझरला त्या संकेतस्थळाकडे विनंत्या पाठवायला लावतं आणि विनंतीच्या मजकुरात स्वतःचा अंदाज घालतं: ‘सेशन=१’. कुकी ब्राउझर आपणहून जोडतो. पानाला ती वाचता येत नाही, पण अंदाज आणि गुपित एकाच पॅकेटात येऊन पडतात. ‘सेशन=१’मध्ये जुळतं ते ‘सेशन=’ एवढंच. ‘सेशन=७’ला एक अक्षर जास्त जुळतं आणि पॅकेट किंचित आखडतं. वाय-फायवर कान लावून बसलेल्याला तेवढं पुरतं. मग ‘७०’, ‘७१’, ‘७२’, असं पुढे.

गुपित ३२ अक्षरांचं आहे आणि प्रत्येक जागी १६ चिन्हांपैकी एक येतं असं धरलं, तर सगळे पर्याय मिळून ३९ अंकी संख्या होते. एकेक अक्षर स्वतंत्रपणे पकडता आलं तर प्रश्न फार तर ५१२ अंदाजांचा. प्रत्यक्षात इतर रहदारीच्या गोंगाटामुळे तेच मोजमाप पुन्हापुन्हा घ्यावं लागतं, पण आवाक्याबाहेरचं काही राहत नाही.

अटी बऱ्याच आहेत, हे खरं. शिवाय क्रोमवर ही युक्ती चालली नाही, कारण तो विनंतीचा शीर्षभाग (कुकी यातच असते) आणि मजकूर वेगवेगळ्या पॅकेटांत पाठवतो. ओपनव्हीपीएन प्रत्येक पॅकेट वेगळं दाबत असल्यामुळे अंदाजाची गुपिताशी गाठच पडत नाही. फायरफॉक्सवर मात्र चालली.

मला खरं आश्चर्य वाटतं ते तारखांचं. कॉम्प्रेशनमुळे माहिती झिरपते हे क्रिप्टोग्राफीतले अभ्यासक जॉन केल्सी यांनी २००२मध्येच लिहून ठेवलं होतं. २०१२मध्ये क्राइम या हल्ल्याने टीएलएसमधलं (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शन पद्धतीतलं) कॉम्प्रेशन असंच उघडं पाडलं आणि ब्राउझरांनी ते बंद केलं. २०१३मध्ये ब्रीच हा त्याच जातीचा हल्ला आला. व्हीपीएन मात्र ‘नेटवर्कवाल्यांचं’ म्हणून बाजूला राहिलं. मुक्तस्रोत असल्याने कोड सगळ्यांसमोर होता, पण त्यात चुकलेली अशी एक ओळ नव्हतीच. कॉम्प्रेशन आपल्या जागी बरोबर, एन्क्रिप्शन आपल्या जागी बरोबर. दोष दोघांच्या शेजारात. बरं, फायदा तरी किती? व्हिडिओ, चित्रं आधीच दाबलेली असतात आणि एचटीटीपीएसचा डेटा आधीच एन्क्रिप्टेड. दाबायला उरतो तो नेमका असुरक्षित, साधा मजकूर.

तरीही ती सोय एका फटक्यात काढून टाकता येत नव्हती. पॅकेट दाबलेलं आहे की नाही हे सांगणारी खूण त्यात असते आणि ती दोन्ही टोकांनी सारखीच समजावी लागते. जुन्या राउटरांमध्ये वर्षानुवर्षं न बदललेल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल्स चालू होत्या. म्हणून माघार टप्प्याटप्प्याने झाली. २०२०च्या २.५ आवृत्तीपासून, वेगळं सांगितलं नसेल तर, ओपनव्हीपीएन दाबलेला डेटा स्वीकारतं पण स्वतः दाबून पाठवत नाही. २०२३च्या २.६मध्ये कॉम्प्रेशन मुळातच बंद ठेवलेलं आहे.

तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉम्प-एलझेडओ’ची ओळ अजून असेल, तर ती काढण्याआधी सर्व्हर सांभाळणाऱ्याशी बोला. एकाच बाजूने ती पुसली आणि दुसरी बाजू जुन्याच खुणेची पॅकेटं पाठवत राहिली, तर व्हीपीएन जोडलेलं दिसतं आणि पान एकही उघडत नाही.