नॅनो रीफ टाकीतील पोषकद्रव्यांचे नियमन

साधारण १०० लिटरपेक्षा लहान, खाऱ्या पाण्याच्या आणि जिवंत प्रवाळ ठेवलेल्या काचटाकीला नॅनो रीफ म्हणतात. अशा टाकीच्या संदर्भात ‘पोषकद्रव्ये’ म्हणजे प्रामुख्याने नायट्रेट आणि फॉस्फेट. दोन्ही मुख्यतः माशांच्या खाद्यातून येतात आणि बाहेर काढली नाहीत, तर टाकीतच कुठेतरी मुरतात. टेस्ट किटला दिसतो तो फक्त पाण्यात विरघळलेला भाग. शेवाळात, गाळात आणि दगडात गेलेला साठा त्याला दिसत नाही. या विषयातले बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. लाइव्ह रॉकवरचे (टाकीत ठेवलेल्या, जिवाणूंनी भरलेल्या सच्छिद्र दगडावरचे) जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आत जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्यातून उडून जातो. फॉस्फेटला अशी हवेची वाट नाही. ते कोणीतरी उचलूनच बाहेर न्यावे लागते.

टाकी लहान असली की चूक मोठी होते. ५० लिटरच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता ४० लिटर पाणी उरले असे समजू. त्यातले फॉस्फेट ०.०३ वरून ०.१ मि.ग्रॅ. प्रतिलिटरवर जायला अवघे २.८ मि.ग्रॅ. फॉस्फेट पुरते. सुक्या खाद्यात १ टक्का फॉस्फरस धरला, तर हा हिशेब ९० मि.ग्रॅ. खाद्यात, म्हणजे एका चिमटीहूनही कमी खाद्यात, पुरा होतो. दगडाआड मेलेली एखादी गोगलगायही असाच घोळ घालते.

मोकळ्या समुद्रातल्या प्रवाळभित्तींवर ही द्रव्ये अगदी नगण्य असतात. म्हणून एकेकाळी शून्य नायट्रेट मिरवण्याची गोष्ट होती. पण भित्तीवरच्या प्रवाळाला वाहत्या पाण्याबरोबर सतत प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खायला मिळत असतात, टाकीत ती सोय नाही. आज सर्वसाधारणपणे नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मि.ग्रॅ. प्रतिलिटर ही पातळी सोयीची मानतात. त्याहून बरेच वर गेले की काचेवर आणि दगडावर शेवाळ माजते, प्रवाळाच्या ऊतींतले सहजीवी शैवाल वाढून रंग तपकिरी पडतात, आणि फॉस्फेट फार झाले तर सांगाड्याची वाढ मंदावते. दोन्ही शून्याला टेकली तर प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांना रान मोकळे होते: बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट धागे दिवसा वाळूवर पसरतात. शेवाळापेक्षा हा पाहुणा घालवणे कितीतरी अवघड.

पाणी बदलणे हा नॅनो टाकीतला मुख्य उपाय. आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात समुद्री मीठ कालवून ते टाकीच्या क्षारतेला आणि तापमानाला आणतात आणि आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलतात. यातून लगेच चमत्कार होत नाही. २० टक्के पाणी बदलले की ४० चे नायट्रेट ३२ वर येते, एवढेच. आठवड्याला प्रतिलिटर ४ मि.ग्रॅ. भर पडत असेल, तर दर आठवड्याला तितकेच पाणी बदलत राहूनही बदलण्याआधीची पातळी २० वर येऊन ठरते. तिथून खाली यायचे तर खाद्य कमी करा नाहीतर जास्त पाणी बदला. गोठवलेले खाद्य वितळवून, गाळून त्याचे पाणी टाकून देणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

फॉस्फेटचे वागणे वेगळे. चुनखडीचा दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटले की सोडू लागतात. त्यामुळे फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे वापरून आज उतरलेला आकडा चार दिवसांत पुन्हा चढलेला दिसतो. किट खोटे बोलत नसते, दगड जुनी उधारी फेडत असतो. हे दाणे थोडे थोडेच वापरावेत. फॉस्फेट एकदम कोसळले तर प्रवाळाच्या ऊती सोलवटतात. प्रोटीन स्किमर हे बुडबुडे सोडणारे उपकरण विरघळलेले सेंद्रिय द्रव्य कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो. मागच्या कप्प्यात दिव्याखाली वाढवलेले कीटोमॉर्फा शैवाल वेळोवेळी छाटले तर दोन्ही द्रव्ये त्याबरोबर जातात. व्हिनेगर किंवा व्होडका घालून ही द्रव्ये शोषणारे जिवाणू वाढवण्याची पद्धतही आहे. मात्र मात्रा चुकली तर पाणी दुधाळ होऊन प्राणवायू घटतो, त्यामुळे एवढ्याशा टाकीत ती न वापरलेलीच बरी.

आकडे वाचतानाही फसगत होते. काही मापनयंत्रे फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतात: २० पीपीबी फॉस्फरस म्हणजे ०.०६ मि.ग्रॅ. प्रतिलिटर फॉस्फेट. आणि दगडावर शेवाळाचे हिरवे केस वाढलेले असताना किट शून्य दाखवत असेल, तर पोषकद्रव्ये संपलेली नसतात, ती त्या केसांत असतात. ते आधी हाताने उपटून टाकीबाहेर काढावेत, टेस्ट मग करावी.