गाठीतल्या पेशींची आडनावं

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की ‘फिटनेस’साठी छातीचा एक्स-रे काढतात. समजा, गुहागरकडच्या साठीतल्या एखाद्या आजींच्या एक्स-रेत दोनेक सेंटिमीटरचा गोल डाग दिसला. खोकला नाही, ताप नाही. घरात पहिला शब्द निघतो टीबी. दुसरा, कॅन्सर, कुणी उच्चारत नाही.

क्वचित हा डाग दोन्हींपैकी काहीच नसतो. संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी फुप्फुसात एका जागी दाटतात आणि गाठ होते. तिला नोड्युलर लिम्फॉइड हायपरप्लेसिया म्हणतात. ती निरुपद्रवी असते, पण लिम्फोमा हा कॅन्सरही याच पेशींचा, आणि त्यातला फुप्फुसात सावकाश वाढणारा माल्ट लिम्फोमा सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास तसाच दिसतो. सीटी स्कॅनवर फरक कळत नाही, पेट (PET) स्कॅनवर दोन्ही चमकू शकतात. सुईने काढलेला कण बहुधा अपुरा पडतो.

मग ओळखायचं कसं? कोकणात एकेका वाडीत बहुतेक घरं एकाच आडनावाची असतात. चतुर्थीला एसटी स्टँडवर मात्र सगळी आडनावं भेटतात. बी-लिम्फोसाइट या लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराचंही तसंच. प्रत्येक पेशी तयार होताना आपली काही जनुकं कापून-जोडून घेते. ती जोडणी तिचं आडनाव, पुढच्या पिढ्यांकडे जाणारं. गाठीत नाना आडनावं मिळाली, तर ती संसर्गाने किंवा दाहाने जमलेली गर्दी. सगळ्या एकाच आडनावाच्या निघाल्या, तर एकाच पेशीची बेफाम वाढलेली प्रजा, म्हणजे लिम्फोमाचा दाट संशय. त्याआधी एक सोपी चाळणी लावतात: पेशीवर कॅपा प्रथिन आहे की लॅम्डा? निरोगी मिश्रणात कॅपा साधारण दुप्पट असतं; पारडं पार एकाच बाजूला झुकलं, तर संशय.

1963 मध्ये सॉल्ट्झस्टीन या डॉक्टरांनी अशा गाठींना लिम्फोमापासून वेगळं काढलं, तेव्हा या चाचण्या नव्हत्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच गाठी लिम्फोमाच असाव्यात असं दिसू लागलं, आणि असा निरुपद्रवी आजार खरंच आहे का, इथवर वाद गेला. 2000 साली 14 रुग्णांचा अभ्यास नव्या तपासण्यांसह प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे त्याला पक्कं स्थान मिळालं.

गाठ एकटी असेल तर दुर्बिणीने काढली की उपचार बहुधा तिथेच संपतो. केमो नाही, फक्त अधूनमधून तपासणी. डोळे-तोंड सतत कोरडं पडत असेल तर डॉक्टरांना सांगावं. कारण काहींना सोबत स्वप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असतो. आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला लॅबवाले ‘ब्लॉक’ म्हणतात, तो जपावा. मुंबईत दुसरं मत घ्यायचं झालं तर बहुतेक वेळा रिपोर्टसोबत तोच पुरतो, छाती पुन्हा उघडावी लागत नाही.