आयपी पत्त्यांचे वाटप : स्टॅटिक आणि डायनॅमिक

संगणक, फोन, प्रिंटर, कॅमेरा अशा नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता मिळावा आणि एकच पत्ता दोघांकडे जाऊ नये, यासाठीची व्यवस्था. पत्ता उपकरणावर हाताने घातला तर स्टॅटिक आणि डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारा प्रोटोकॉल) चालवणाऱ्या सर्व्हरने मुदतीवर दिला तर डायनॅमिक, अशी ढोबळ विभागणी रूढ आहे. आरएफसी २१३१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) मात्र सर्व्हरकडून होणाऱ्या वाटपाचेच तीन प्रकार सांगते : आपोआप पण कायमचे, मुदतीचे, आणि प्रशासकाने आधी ठरवून ठेवलेले. राउटरच्या सेटिंगमधले ‘रिझर्व्हेशन’ (ठरावीक उपकरणासाठी राखून ठेवलेला पत्ता) या तिसऱ्या प्रकारात मोडते. त्याला पुष्कळदा स्टॅटिकच म्हटले जाते. पण पत्ता सर्व्हर देतो आणि नोंदही त्याच्याचकडे राहते, म्हणून ते डीएचसीपीच्या वाटपात धरणे अधिक सयुक्तिक.

पद्धतीचा उगम कोठून धरावा, याची उत्तरे वेगवेगळी दिली जातात. एक मत आरएआरपी या जुन्या प्रोटोकॉलपासून (आरएफसी ९०३, जून १९८४) सुरुवात करते. डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनला सुरू होताना स्वतःचा हार्डवेअर पत्ता (नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता) ठाऊक असे, आयपी पत्ता नसे. तो विचारण्याची ही सोय होती. पण ही विचारणा लिंक थरावरच, म्हणजे एकाच स्थानिक नेटवर्कात, चाले, राउटर ओलांडत नसे, आणि उत्तरात पत्त्याखेरीज मास्क (नेटवर्कची व्याप्ती सांगणारा आकडा) वा गेटवे (बाहेर नेणारा राउटर) काहीही येत नसे. बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांच्या बूटपीने (आरएफसी ९५१, सप्टेंबर १९८५) यूडीपी या आयपीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलचा आधार घेतला आणि दुसऱ्या सबनेटवरच्या (नेटवर्कच्या वेगळ्या भागातल्या) सर्व्हरपर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली. तरीही कोणाला कोणता पत्ता द्यायचा हे सर्व्हरवर आधीच लिहून ठेवावे लागे. दिलेला पत्ता ठरावीक काळाने परत घेणारी लीज राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेल्या डीएचसीपीत आली. एमआयटीच्या अथीना प्रकल्पातील एनआयपी प्रोटोकॉल व आरएआरपीचे डायनॅमिक रूप यांनीही हा प्रश्न हाताळला होता, याची दखल आरएफसी २१३१ मध्येच आहे. तथापि संदेशाचा साचा, ६७ व ६८ हे यूडीपी पोर्ट क्रमांक आणि रिलेची (दुसऱ्या सबनेटवरच्या सर्व्हरकडे संदेश पुढे पाठवण्याची) रीत बूटपीचीच आहे. पर्यायांच्या (संदेशातील जादा माहितीच्या) आरंभी येणारी ९९.१३०.८३.९९ ही चार बाइटांची खूणही तिकडूनच आलेली. त्यामुळे बूटपी हाच थेट पूर्वज मानणे ग्राह्य ठरते. डीएचसीपीचे साल कोठे १९९३ तर कोठे १९९७ दिलेले आढळते. ऑक्टोबर १९९३ मध्ये आरएफसी १५३१ निघाली, संपादनातील चुकांमुळे त्याच महिन्यात तिची जागा १५४१ ने घेतली, आणि आज आधारभूत असलेली २१३१ मार्च १९९७ ची आहे.

डिस्कव्हर (सर्व्हरचा शोध), ऑफर (देऊ केलेला पत्ता), रिक्वेस्ट (मागणी) आणि ॲक (मान्यता) या चार संदेशांत व्यवहार पुरा होतो. लीज आठ तासांची असेल आणि लॅपटॉपला सकाळी ९ वाजता पत्ता मिळाला, तर १ वाजता (निम्म्या मुदतीला) तो त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो. उत्तर आले नाही तर ४ वाजता (८७.५ टक्के मुदतीला) ब्रॉडकास्ट करून (सगळ्यांना एकदम हाक देऊन) कोणत्याही सर्व्हरकडे मागतो. ५ वाजता पत्ता सोडावाच लागतो. सर्व्हर बंद पडल्याची तक्रार काही तासांनी, आणि तीही सगळ्यांकडून एकदम येत नाही, ती यामुळे.

नेटवर्कची आखणी करताना हाताने घालायचे पत्ते पूलच्या (सर्व्हरने वाटायच्या पत्त्यांच्या साठ्याच्या) बाहेर ठेवावेत. १९२.१६८.१.० या २४ बिटांच्या मास्कच्या सबनेटमध्ये राउटरला .१ (पत्त्याचा शेवटचा भाग), स्विच व सर्व्हरना .२ ते .४९ आणि पूलला .१०० ते .२२९ ही विभागणी चालते. हा नियम मोडला की नेहमीचा घोळ होतो. प्रिंटरवर .१२० हाताने घातलेला असतो आणि प्रिंटर रात्री बंद असतो. सर्व्हर पत्ता देण्यापूर्वी पिंग करून (त्या पत्त्यावर कोणी आहे का ते विचारून) पाहतो, उत्तर येत नाही, आणि .१२० एखाद्या फोनला जातो. सकाळी प्रिंटर चालू होताच दोघेही त्याच पत्त्यावर हक्क सांगतात आणि छपाई मधूनमधून अडते. अशा वेळी एआरपी तक्त्यात (आयपी व मॅक पत्त्यांच्या जोड्यांच्या यादीत) .१२० समोरचा मॅक पत्ता पाहावा, तो स्विचच्या तक्त्यात कोणत्या पोर्टवर दिसतो ते शोधावे, आणि प्रिंटर डीएचसीपीवर आणून त्याच्या मॅक पत्त्यावर रिझर्व्हेशन करावे. पुढे गेटवे किंवा डीएनएस (नावांवरून पत्ते शोधून देणारा सर्व्हर) बदलला तरी प्रत्येक उपकरणापाशी जावे लागत नाही. हाताने घातलेल्या पत्त्यांचा खरा जाच तिथेच आहे. राउटर, मुख्य स्विच आणि स्वतः डीएचसीपी सर्व्हर यांचे पत्ते मात्र हातानेच घालावेत.

फोनवर रिझर्व्हेशन टिकत नसेल तर खासगी (फोनने स्वतः बनवलेला) मॅक पत्ता चालू आहे का ते पाहावे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तो मुळातच चालू असतो. मॅक पत्त्यातला दुसरा षोडशमान अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो स्थानिक पातळीवर ठरवलेला, बहुधा बनवलेला असतो. पाहुण्यांच्या वायफायवर अशा पत्त्यांमुळे पूल लवकर संपतो. १३० पत्ते आणि २४ तासांची लीज असलेल्या सभागृहात साठ-साठ जणांची तिसरी तुकडी आली की पत्ते पुरत नाहीत. तिथे लीज तासाभराची ठेवावी.

उपकरणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुतेकदा डीएचसीपीचे उत्तर पोचलेले नाही असे समजावे. नव्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) रिले एजंट लावायचा राहणे हे त्याचे नित्याचे कारण. पत्ता मिळाला पण तो भलत्याच सबनेटचा असेल, तर कोणीतरी घरगुती राउटरचा लॅन पोर्ट कार्यालयाच्या स्विचला जोडलेला असण्याचा संभव असतो. उपकरणे सहसा आधी आलेली ऑफर घेतात, म्हणून निम्मी चालतात आणि निम्मी नाही. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी सर्व्हरची उत्तरे अडवण्याची सोय) चालू करून सर्व्हरकडे जाणारे पोर्टच विश्वासू ठरवणे हा त्यावरचा पक्का उपाय.

राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर जोडणी पुरवठादाराच्या सामाईक नॅटमागे (अनेकांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणाऱ्या व्यवस्थेमागे) असते. कॅमेरे बाहेरून थेट पाहण्यासाठी तिथे घरातला स्टॅटिक पत्ता पुरत नाही, सार्वजनिक पत्ता वेगळा घ्यावा लागतो.

आयपीव्ही६ मध्ये (आयपीच्या नव्या आवृत्तीत) उपकरण राउटरच्या घोषणेवरून स्वतःच पत्ता बनवू शकते. डीएचसीपीव्ही६ मधील रिझर्व्हेशन साधारणपणे मॅकऐवजी डीयूआयडीवर (डीएचसीपीसाठीच्या उपकरणाच्या ओळख क्रमांकावर) बांधले जाते.